तिसरा खांब

सुताराने स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिसऱ्या खांबाच्या बुडाशी टेकवलं आणि नुसतं दाबलं. हातोडा घेतला नाही की जोर लावला नाही. दांडी मुठीपर्यंत आत गेली.

"काकू," तो खाली उकिडवा बसूनच म्हणाला, "हा गेलाय."

"कोण गेलं?" वर व्हरांड्यात चाकांच्या खुर्चीत बसलेल्या साहेबांनी विचारलं. गेल्या वर्षीच्या झटक्याने त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं, जीभही जरा जड झाली होती. पण कान तिखट होते आणि बोलण्यातला खवचटपणा तसूभरही कमी झाला नव्हता.

"खांब, साहेब. वरून रंग झकास आहे, आत नुसता भुसा."

"भुसा तुझ्या डोक्यात. तो खांब मी उभा केलाय."

सुताराने स्क्रू ड्रायव्हर उपसून पुसला. असली गिऱ्हाइकं त्याने ढिगाने पाहिली होती. त्याने काकूंकडे पाहिलं, तर काकू त्या भोकाकडे टक लावून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला कळलं नाही. आपल्याला सांगायला हरकत नाही, तो आनंद होता. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या खांबाकडे बघून बरं वाटत होतं.

साहेब पुलांच्या खात्यात मोठे अभियंते. नाकावर माशी बसू न देणारे. ऑफिसात हाताखालची माणसं त्यांना टरकून असत आणि घरी काकू. काकूंची शाळेच्या वाचनालयात नोकरी होती, तिला साहेब "पुस्तकं पुसायची नोकरी" म्हणत, पाहुण्यांसमोरसुद्धा. निवृत्त झाल्यावर त्यांना दरडावायला माणसं कमी पडू लागली, तेव्हा त्यांनी घरापुढे हा व्हरांडा बांधायला काढला. नकाशा त्यांचा, लाकडाची निवड त्यांची, हातही त्यांचेच. जमीन रस्त्याकडे उतरती, म्हणून व्हरांडा कमरेइतका उंच, चार लाकडी खांबांवर. खांब खाली काँक्रीटमध्ये पुरलेले आणि वर थेट छपराच्या तुळईला भिडलेले.

तेव्हा एका म्हाताऱ्या सुताराने भीत भीत सुचवलं होतं की लाकूड असं काँक्रीटमध्ये पुरू नये. लाकूड सुकून आकसतं, मग कडेने पाणी उतरतं आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. त्यापेक्षा खाली लोखंडी बूट बसवावा, म्हणजे खांबाचं बूड कोरडं राहतं. साहेबांनी त्याला फाटकाबाहेर काढलं. ज्याने नद्यांवर पूल टाकले त्याला आता रंधा मारणारा माणूस अक्कल शिकवणार?

पहिले दोन खांब धरायला खात्यातले दोन जुने शिपाई आले होते. तिसऱ्याच्या वेळी ते आले नाहीत, त्यांनाही साहेब पुरते कळले असावेत. खांब खड्ड्यात उभा करून, काँक्रीट ओतून, ते धरेपर्यंत खांब सरळ राहावा म्हणून चहूबाजूंनी टेकू ठोकतात. साहेब म्हणाले, टेकू ठोकण्यात अर्धा दिवस जातो, तू धर. मग भर उन्हात काकूंनी खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. नाकासमोर लेव्हल बांधलेली. तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध राहिला पाहिजे, एवढंच त्यांचं काम. दुपारी दोन ते सहा.

अडीचच्या सुमारास घरात फोन वाजला. साहेब आत जाऊन बोलून आले.

"कुणाचा होता?" काकूंनी विचारलं.

"तू बुडबुड्याकडे बघ."

सहाला त्यांनी खांब हलवून पाहिला. तो हलला नाही. नळावर हात धुताधुता ते म्हणाले, "अगं हो, तुझ्या भावाचा फोन होता मघाशी. आई अत्यवस्थ आहे म्हणाला. तुझं नाव घेतेय. नीघ आता, खांब धरलाय."

काकू माहेरी पोचल्या तेव्हा आईला जाऊन दोन तास झाले होते. चौथा खांब साहेबांनी टेकू लावून उभा केला, कारण तेव्हा काकू घरी नव्हत्या.

काकूंनी त्यावर ब्रसुद्धा काढला नाही. का नाही काढला, असं ज्यांना वाटेल त्यांनी तसल्या माणसाच्या हाताखाली चार दिवस काढून बघावेत. त्यांनी ते गिळलं. पण गिळलेलं सगळंच पचतं असं नाही. त्यातून साहेबांना दर नव्या पाहुण्याला व्हरांडा दाखवायची खोड. तिसऱ्या खांबावर थाप मारून ते म्हणत, "याचा ओळंबा बघा. एक सूत नाही हलला." पाहुणा वा वा करी आणि काकू चहा आणायला आत जात.

झटका आल्यापासून साहेबांचं सगळं जग त्या व्हरांड्यात आलं होतं. सकाळी काकू त्यांची खुर्ची उंबऱ्यावरच्या फळीवरून ढकलत बाहेर आणत, ते अंधार पडेपर्यंत तिथेच. येणारेजाणारे "काय साहेब!" म्हणत. समोरचा चष्म्याचा दुकानदार दुकान उघडताना हात हलवी. कुणाची मोटार वाकडी लागली की साहेब काठी आपटून ती सरळ लावायला सांगत आणि लोक गंमत म्हणून का होईना ऐकत. तो उंबरा त्यांना एकट्याने ओलांडता येत नसे. खुर्ची ढकलणारं माणूस लागे, आणि घरात माणूस एकच होतं.

"काय करावं लागेल?" काकूंनी सुताराला विचारलं.

"बाकीचे तीन अजून काढतील काही वर्षं, मी तपासले. हा मात्र बदलायचा. दोन्ही बाजूंना तुळईखाली जॅक लावतो, तुळई सूतभर उचलतो. खांब कापून काढायचा, खालचं काँक्रीट फोडायचं, नवा पाया भरायचा, वर बूट, बुटात नवा खांब. दोन दिवसांचं काम. मग पाया पक्का व्हायला आठ दिवस. तोवर सगळा भार जॅकवर. आठ दिवसांनी मी येऊन जॅक उतरवतो, खांब भार घेतो, संपलं."

"आणि तोवर इथे बसायचं नाही?"

"दाराजवळ हलकं माणूस बसलं तर चालेल. ही खुर्ची मात्र नको बाई. चाकांची खुर्ची, वर साहेब. तुळई जॅकवरून सरकली तर छप्पर डोक्यात."

"ऐकलंत?" काकू वर बघून म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका गोड होता की साहेबांनी चमकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची खुर्ची मागच्या खोलीत गेली. त्या खोलीला एक खिडकी आहे, तिच्यातून शेजारच्यांची भिंत दिसते आणि भिंतीवर एक पाण्याचा पाइप. साहेब तिथून ओरडून सूचना देत राहिले. जॅकखाली फळी घाल, एकदम उचलू नकोस, आधी डावा. सुतार "हो साहेब" म्हणे आणि आपल्या पद्धतीने करी. करवत चालली तेव्हा मात्र मागच्या खोलीत सामसूम झाली.

खांबाचं बूड सुटून आलं. काँक्रीटच्या आत होता तेवढा हातभर तुकडा काळाभोर, ओला, आणि हाताने मोडेल असा. सुतार तो कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मिस्त्री, तो मला द्या."

"याचं काय करणार? चुलीतसुद्धा जळायचा नाही."

"द्या तर खरं."

त्यांनी तो ताटात ठेवला, मागच्या खोलीत नेला आणि साहेबांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर, औषधांच्या बाटल्यांच्या रांगेत मांडला. मग चमच्याचा दांडा घेऊन त्यात खुपसला. लाकडाची पोपडी सुटून औषधांवर पडली. कुबट वास खोलीभर झाला.

"हा तुमचा ओळंबा," काकू म्हणाल्या.

साहेबांनी बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवून म्हणाले, "लाकूडवाल्याने फसवलं."

"लाकडाने नाही फसवलं. तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं, पुरू नका म्हणून."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही कळत," काकू म्हणाल्या. "मी फक्त धरून उभी होते." आणि त्या बाहेर गेल्या. तुकडा तिथेच राहिला.

आठ दिवसांनी सुतार जॅक उतरवायला आला. काकू फाटकातच उभ्या होत्या. साहेबांना रात्रभर झोप नाही, आवाज नको, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा डॉक्टर येणार होते. सुताराने मान खाजवली.

"काकू, मला जॅक लागतात हो दुसरीकडे. आणि हे असं ठेवणं बरं नाही. तुळईला मधूनच रेटा बसतोय, नवा खांब नुसता शोभेला उभा आहे."

"राहू दे शोभेला," काकू म्हणाल्या. "अठरा वर्षं तेच चाललं होतं."

त्याला काही कळलं नाही, पण बाईमाणसाशी वाद कोण घालणार? तो निघून गेला.

आणि काकू व्हरांड्यात बसू लागल्या. दाराजवळ, एक स्टूल टाकून, मांडीवर पुस्तक. दोन-तीन दिवस लोक चुकचुकत साहेबांची चौकशी करत होते. मग चष्मेवाला एकदा रस्ता ओलांडून आला आणि पुस्तक कसलं म्हणून विचारलं. काकू बोलू लागल्या. या बाईला बोलता येतं, इतकंच नव्हे तर ती नकला करते, हे गल्लीला नव्यानेच कळलं. आठवड्याभरात संध्याकाळी चार माणसं फाटकाशी थांबू लागली. एकदा काकू इतक्या मोठ्याने हसल्या की मागच्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला. त्या उठल्या नाहीत. काठी अजून दोनदा वाजली आणि थांबली.

जेवण, औषध, अंग पुसणं, यांत त्यांनी कसूर केली नाही. वेळच्या वेळी, घड्याळ लावून. लेकीचा लांबून फोन आला की त्या सांगत, "बाबा मस्त आहेत, जरा आराम चाललाय." साहेब हात पुढे करत, फोन मागत. काकू म्हणत, "झोपलेत गं आत्ता," आणि त्यांच्या डोळ्यांत बघतच फोन ठेवून देत.

पंचविसाव्या दिवशी साहेबांनी विचारलं, "काम कधी संपणार?"

"तुमच्या हातात आहे." काकू पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "चुकलं म्हणा. उद्याच जॅक उतरतात."

"काय?"

"चुकलं माझं. दोनच शब्द आहेत. चाळीस वर्षांत तुमच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. मला एकदा ऐकायचेत."

"तू मला कोंडून ठेवतेस?"

"मी कुठे? दार उघडंच आहे."

दार खरंच उघडं होतं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या पायाकडे, आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर आठवडाभर ते एक अक्षर बोलले नाहीत. दाढी करायला गेलं तर मान फिरवत. घास अर्ध्यावर सोडून देत. टेबलावरच्या तुकड्याला बारीक पांढरी बुरशी धरली. काकूंनी टेबल रोज पुसलं, तुकडा उचलून, खालचं पुसून, परत तिथेच ठेवून. कधीकधी त्यांना वाटे, पुरे झालं, म्हातारा वाळत चाललाय. मग व्हरांड्यात जाऊन त्या नव्या खांबाजवळ उभ्या राहत, आणि त्यांचे हात आपोआप वर येऊन लाकडाला धरत, आणि दया कुठल्या कुठे पळे.

बत्तिसाव्या दिवशी सकाळी औषध देताना साहेबांनी त्यांचं मनगट धरलं. डाव्या हाताला अजून बरीच ताकद होती.

"चुकलं," ते म्हणाले.

काकू हलल्या नाहीत.

"चुकलं माझं," साहेब पुन्हा म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रडताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, त्यांना रडायची सवय नव्हती, त्यामुळे ते फार वाईट रडत होते, नाक वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "आता ने मला बाहेर."

काकू पलंगावर टेकल्या. इतकी वर्षं त्यांनी या घटकेची वाट पाहिली होती. त्यांनी टॉवेलने साहेबांचं नाक पुसलं. हळूच, मायेने म्हणावं इतकं हळू.

"काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

"खांब पुरायला नको होता. बूट घालायला हवा होता. तो सुतार बरोबर होता, तो म्हातारा."

"आणि?"

"आणि वरून मातीचा उतार उलटा झाला. पाणी खांबाकडे येत राहिलं. तेव्हा लक्षात आलं नाही."

"आणि त्या दिवशीचा फोन?"

साहेबांनी डोळे मिटले. ते मनापासून आठवत होते, त्यात खोट नव्हती. "त्या दिवशी," ते जड जिभेने सावकाश म्हणाले, "सिमेंटची पाच पोती आली होती. एक भिजलेलं, परत पाठवलं. खडी कमी पडली, मागच्या कुंपणाजवळची घेतली. खांब पावणेदोनला खड्ड्यात सोडला. ऊन होतं." त्यांनी डोळे उघडले. "फोन कुठला?"

"माझ्या भावाचा."

"भावाचा? त्याचा काय संबंध?"

ते खोटं बोलत असते तर काकूंना कळलं असतं. चाळीस वर्षांत साहेबांचा चेहरा त्यांना पाठ झाला होता. साहेबांना भिजलेलं पोतं आठवत होतं, खडी आठवत होती. फोन त्यांनी विसरायलासुद्धा घेतला नव्हता. तो त्यांच्या लेखी कधी आलाच नव्हता.

"काही नाही," काकू म्हणाल्या आणि आपलं मनगट सोडवून घेतलं.

दुपारी त्यांनी सुताराला निरोप धाडला. तो तासाभरात हजर झाला, जॅकसाठी तो टपूनच होता. डाव्या जॅकला पाव फेरा, उजव्याला पाव फेरा, परत डाव्याला. तुळई केसाकेसाने खाली येत होती. मग एकदाच लाकूड लांब, जाडसर करकरलं आणि शांत झालं.

"बसला!" मागच्या खोलीतून साहेबांचा आवाज आला. जन्मभर भार घेताना पोलाद आणि लाकूड कसं बोलतं ते ऐकलेला माणूस, त्याला बघायची गरज नव्हती. "खांबाने भार घेतला. अगं, झालं काम! ने मला बाहेर!"

सुतार हसला. लेव्हल लावून खांब दोन बाजूंनी तपासला, बुटाचे बोल्ट आवळले. मग हात झटकत म्हणाला, "काकू, साहेबांना आणू का? खुर्ची मी काढतो उंबऱ्यावरून. आता दहा माणसं नाचली तरी काही होत नाही."

"नको," काकू म्हणाल्या. "ते आता बाहेर बसत नाहीत."

त्यांनी आवाज मुद्दाम चढवला नव्हता, मुद्दाम उतरवलाही नव्हता. घर लहान होतं.

सुताराने दाराकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. काही विचारावं असं त्याच्या तोंडापर्यंत आलं. पण परक्या घरातल्या भानगडीत पडायचं नाही, हा त्याचा धंद्यातला नियम होता, आणि दुसऱ्या कामावर एक छप्पर त्याच्या जॅकची वाट बघत होतं. त्याने जॅक खांद्यावर टाकले आणि फाटक लावून गेला.

काकूंनी स्टूल आत ठेवलं. साहेबांची वेताची जुनी आरामखुर्ची माळ्यावर होती, ती ओढून काढली, पुसली आणि व्हरांड्याच्या मधोमध मांडली, जिथून सगळा रस्ता दिसतो. चष्मेवाल्याने पलीकडून हात केला.

"झालं वाटतं काम! साहेब कसे आहेत?"

"मजेत," काकू म्हणाल्या.

त्या टेकून बसल्या, पुस्तक उघडलं. आतून आवाज येऊ लागला, आधी हळू, मग मोठ्याने, मग परत हळू. "चुकलं... अगं, चुकलं माझं... ऐकतेस ना? चुकलं." नेमकं काय चुकलं होतं ते साहेबांना शेवटपर्यंत कळणार नव्हतं, आणि काकू ते सांगणार नव्हत्या. त्यांनी दोन पानं वाचली. मग उठून दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसल्या.